जमीन नसलेल्या राज्याचं नाणं

बालमित्रांनो, नाणं म्हटलं की त्याच्यामागे देश असतो, आणि देश म्हटलं की नकाशात रंगवायला थोडी तरी जागा लागते. आज भेटू या अशा नाण्याला, ज्याच्या राज्याला रंगवायला जागाच नाही!

या राज्याचं नाव ऑर्डर ऑफ माल्टा. हा ख्रिस्ती सरदारांचा धर्मसंघ. अकराव्या शतकात जेरुसलेमच्या यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवणारी ही मंडळी. १११३ मध्ये पोपनी त्यांना मान्यता दिली. पुढे हातात तलवार आली. ऱ्होड्स बेटावर त्यांनी राज्य केलं, ते १५२२ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानने जिंकलं. मग १५३० मध्ये माल्टा मिळालं, तेही १७९८ मध्ये नेपोलियनने घेतलं. १८३४ पासून मुक्काम रोममध्ये. तिथल्या एका वाड्याच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून सेंट पीटर चर्चचा घुमट नेमका मधोमध दिसतो म्हणे, आणि तेवढ्यासाठी लोक रांग लावतात! पण गंमत सोडा, जमीन गेली तरी शंभराहून जास्त देश आजही या संघाशी राजनैतिक संबंध ठेवतात.

१९६१ पासून हा संघ पुन्हा नाणी काढू लागला. चांदीचे स्कूदो, सोन्याचे मोठे स्कूदो. हिशेब जुनाच: २० ग्रानींचा एक तारी, १२ तारींचा एक स्कूदो. (रुपयाचे सोळा आणे कसे मोजायचे, ते आजोबांना विचारा.) नाण्यावर बहुधा संघाच्या प्रमुखाचा, म्हणजे ग्रँडमास्टरचा चेहरा, नाहीतर आठ टोकांचा क्रूस असतो.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, "बाई, त्याचं चॉकलेट येतं का?" नाही येत. रोमच्या दुकानात युरोच लागतो, आणि माल्टातही.

मग ते नाणं कसलं? याचं उत्तर याच संघाच्या एका जुन्या तांब्याच्या नाण्यावर आहे. १५६५ मध्ये माल्टाला तुर्कांचा मोठा वेढा पडला होता. त्यानंतर ग्रँडमास्टर द ला व्हालेत नवं शहर बांधायला निघाले आणि चांदीच्या ऐवजी तांब्याची नाणी चालवली. त्यांच्यावर हातात हात दिलेले दोन हात होते, आणि लॅटिनमध्ये लिहिलं होतं, "धातू नव्हे, विश्वास." ते शहर उभं राहिलं, माल्टाची राजधानी व्हॅलेटा तीच!

आता थोडं आई-बाबांसाठी. आजचा स्कूदो घ्यायचा असेल तर आधी वजन आणि चांदीचा कस विचारा. त्यावरून नुसत्या चांदीचे किती होतात ते मुलांनाच काढू द्या, त्रैराशिकाचा छान सराव होईल. विक्रेता त्यापेक्षा बरंच जास्त मागत असेल, तर कशाबद्दल, ते विचारायला लाजू नका. नुसता क्रूस पाहूनही भुलू नका. प्रथमोपचार शिकवणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं चिन्हही आठ टोकांचंच आहे; ती संस्था चांगली, पण वेगळी. माल्टाचं नाव लावून मिरवणाऱ्या तोतया संघटनाही आहेत.

आणि मुलांनो, नाणं काळं पडलं तर लक्ष्मीपूजनाच्या नाण्यासारखं चिंच-राखेने घासू नका हं! हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते. घासलं की बारीक नक्षी झिजते आणि संग्राहक ते नाणं बाजूला ठेवतो. कडेला धरून उचला, कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि पाकिटावर साल, वजन, कुठून आलं ते लिहा. लिहायचं मात्र आधी, नाणं आत घालायच्या अगोदर. नाहीतर पेनाचा दाब नाण्यावर उमटतो.