भीती वाटणे आणि भित्रा असणे

"डरता क्यों है?" पोहण्याच्या तलावावरच्या उंच फळीवर, बॉक्सिंगच्या रिंगणात किंवा वादविवाद स्पर्धेच्या माईकसमोर हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला असतो. विचारणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण अकरावीत जीवशास्त्राच्या पुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा धडा वाचल्यापासून माझे मत झाले आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि सैनिकी शाळेत तरी तो चुकीचा का, हे सर्वांना माहीत असायला हवे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. संकट दिसले की मेंदूतील अमिग्डाला हा भाग हायपोथॅलॅमसला इशारा देतो आणि तिथून चेतातंतूंमार्फत या ग्रंथींना हुकूम सुटतो. क्षणात रक्तात ॲड्रिनलिन मिसळते. हृदय जोरात धावू लागते, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. त्वचेकडे आणि आतड्यांकडे जाणारे रक्त कमी होऊन ते हातापायांच्या स्नायूंकडे वळते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन प्राण्यांच्या पचनाचा क्ष-किरणांनी अभ्यास करत होते. प्राणी घाबरला की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे 1915 साली त्यांनी या सगळ्या बदलांवर पुस्तक लिहिले. 'लढा किंवा पळा' ही शरीराची तयारी म्हणून आज आपण जे शिकतो, ते त्यांच्याच कामातून आले आहे.

गंमत म्हणजे आपल्या मराठीने हे सारे कधीच नोंदवून ठेवले आहे. पोटात गोळा येतो, कारण आतड्यांचे रक्त दुसरीकडे गेलेले असते. तोंडाला कोरड पडते, कारण लाळ आटते. चेहरा पांढराफटक पडतो, कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. आपण या शब्दांनी दुसऱ्याला चिडवतो. खरे पाहता ही भित्रेपणाची लक्षणे नाहीतच. शरीर कामासाठी सज्ज झाल्याची ती खूण आहे. युद्धाचा भोंगा वाजल्यावर तळावर जी धावपळ होते, तशीच ही आतली धावपळ.

ही धावपळ शूर माणसातही होते. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत बीटा ब्लॉकर या औषधांवर बंदी आहे. ती ॲड्रिनलिनचा परिणाम अडवतात, छातीचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी करतात. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग सू याला अशाच औषधामुळे दोन पदके परत करावी लागली. जगातल्या उत्तमोत्तम नेमबाजांचेही हात थरथरत नसते, तर ही बंदी घालावी कशाला लागली असती? त्यांच्यात आणि नवख्यात फरक आहे तो सरावाचा. श्वास सावकाश, लांबवर सोडला की शरीराला शांत करणारी चेतासंस्था काम करू लागते, हे त्यांना सवयीने ठाऊक असते. म्हणून "डरता क्यों है?" ऐवजी "श्वास सोड, मग उडी मार" असे म्हणणारा सीनियर मला अधिक चांगला प्रशिक्षक वाटतो.

आता या लेखाच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. ॲड्रिनलिन काही मिनिटांतच ओसरते. पण त्याच वेळी पीयूषिका ग्रंथीच्या हुकमावरून कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक सुटते आणि ते बराच वेळ टिकते. लढाई लांबली तर शरीराला इंधन पुरवणे हे त्याचे काम. लढाई संपली की त्याने परतायचे असते. ती संपलीच नाही तर? 1936 साली हान्स सेली यांनी दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांबद्दल लिहिले. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या होत्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आकसली होती आणि जठरात व्रण पडले होते. माणसातही सतत वाढलेले कॉर्टिसॉल झोप बिघडवते, प्रतिकारशक्ती खालावते आणि स्मरणशक्तीला अडथळा आणते.

म्हणूनच ऑब्स्टॅकल कोर्स आणि डॉर्मिटरीतली दहशत यांत मला मोठा फरक दिसतो. ऑब्स्टॅकलला सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवटी शाबासकी असते. भीती वाटते, ती पार होते आणि पुढच्या वेळी थोडी कमी वाटते. पण लाइट्स आऊटनंतर "आज रात्री फॉल-इन होणार" असे सहावी-सातवीच्या मुलांना नुसते सांगून ठेवले, तर त्या भीतीला शेवटच नसतो. लढायला कोणी समोर नसते आणि पळायला जागा नसते. तो मुलगा ब्लँकेटखाली जागा राहतो, सकाळी पीटीला पाय ओढतो, प्रेपला वाचलेले विसरतो आणि वारंवार आजारी पडतो. मग आपणच म्हणतो, "कच्चा आहे."

यावर नेहमीचे उत्तर येते, "आम्हीही हे सोसले, आमचे काय बिघडले?" पण हे सांगणारे तेच असतात जे सोसून इथे उरले. सुट्टीला घरी गेले आणि परत आलेच नाहीत, त्यांना हा प्रश्न कोण विचारतो? रगडा सैनिक घडवतो, असेही म्हणतात. मैदानावर, उस्तादांच्या नजरेखाली, ठरलेल्या वेळी घेतलेली मेहनत जरूर घडवते. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पण चांगला प्रशिक्षक ताण देतो तसा तो उतरवण्याचा वेळही देतो. स्नायू व्यायामाने थकतो आणि विश्रांतीत वाढतो. मनाचेही तसेच असावे.

त्यामुळे हाऊसच्या कॅप्टनांना आणि माझ्या वर्गमित्रांना मी तीनच गोष्टी सुचवतो. पहिली, नव्या मुलांना उंच फळीवर पाठवण्याआधी त्यांच्या शरीरात काय होणार आहे, ते दोन मिनिटांत समजावून सांगावे. दुसरी, लाइट्स आऊटनंतरची वेळ फक्त झोपेची ठेवावी. आपल्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि शाळेच्या वेळापत्रकात ती आधीच कमी पडते. तिसरी, शिक्षा द्यायची असेल तर ती अधिकाऱ्यांमार्फत, ताबडतोब आणि ठरावीक असावी. टांगती तलवार कोणाच्या डोक्यावर ठेवू नये.

उद्या आपल्यापैकी काही जण खरोखर सीमेवर उभे राहतील. तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींना खऱ्या शत्रूसाठी काम करावे लागणार आहे. शाळेतली सात वर्षे ती ताकद एकमेकांना घाबरवण्यात खर्च करणे मला तरी परवडणारे वाटत नाही.