एका बटणावर सह्याद्री

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये ज्या मराठी घरांत माझं जाणं-येणं आहे, तिथे टीव्हीसमोरच्या टीपॉयवर तीन-चार रिमोट दिसतात. एक टीव्हीचा, एक सेट टॉप बॉक्सचा, एक साउंडबारचा, आणि मालिका-सिनेमे दाखवणारी स्टिक असेल तर तिचा चौथा. अशा बहुतेक घरांत एक माणूस दिवसभर घरी असतो. टीव्हीची सोबत सगळ्यांत जास्त त्यालाच लागते, आणि टीव्ही एकट्याने लावणं नेमकं त्यालाच जमत नाही. मुलं ऑफिसला गेली, नातवंडं कॉलेजला गेली, की दुपारी कुठलं तरी भलतंच बटण दाबलं जातं. पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं आणि संध्याकाळी कुणी घरी येईपर्यंत तसंच राहतं. मला हे मनापासून खटकतं. ज्या आजीने चाळीस-पन्नास वर्षं घर चालवलं, तिने बातम्या ऐकण्यासाठी नातवाची वाट बघत बसायचं, हे मला पटत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. प्रोग्रॅम करता येणारा एकच रिमोट घ्यायचा आणि तो त्या माणसाच्या गरजेप्रमाणे लावून द्यायचा. हे काम बहुतेक घरांत होत नाही, आणि झालं तरी तरुणांच्या सोयीने होतं.

आमच्या घरी मी ते सासूबाईंसाठी केलं. त्या मूळच्या धारवाडच्या, त्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या घरच्याच भाषा. कामाला बसण्याआधी मी त्यांना विचारलं, “आई, तुम्हाला नक्की काय काय बघायचं असतं?” त्या म्हणाल्या, “सह्याद्री, चंदन आणि सकाळची भजनं. आवाज कमी-जास्त करता आला पाहिजे आणि झोपताना बंद करता आलं पाहिजे. बाकीची बटणं मला नकोत गं.” सह्याद्री हे दूरदर्शनचं मराठी चॅनल आणि चंदन कानडी. एवढीच यादी. घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर मात्र चाळीसच्या वर बटणं आहेत.

  

रिमोट वाढले कसे, ते आधी पाहू. झेनिथ या अमेरिकन कंपनीचा १९५० मधला पहिला रिमोट वायरने टीव्हीला जोडलेला होता. १९५५ मध्ये त्यांच्याच यूजीन पॉली यांनी उजेडाचा झोत टाकून चालणारा रिमोट केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते, पण खिडकीतून ऊन आलं तरी टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. १९५६ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी बटणाने अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या दांडीवर हातोडी पाडून कानाला न ऐकू येणारा ध्वनी काढला. त्यांच्या रिमोटला बॅटरीच लागत नव्हती, कारण सेल संपले की गिऱ्हाईकाला टीव्हीच बिघडला असं वाटेल, अशी कंपनीला काळजी होती. वापरणाऱ्या माणसाचा एवढा विचार त्यानंतरच्या रिमोटमध्ये मला फारसा दिसलेला नाही. पुढे इन्फ्रारेड आलं आणि प्रत्येक यंत्राने आपापला रिमोट सोबत आणायला सुरुवात केली.

बेंगळुरूत दुसरा रिमोट अनेक घरांत सरकारी आदेशाने आला. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात बेंगळुरू होतं, पुणे-नागपूरही होतं, आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली होती. तोपर्यंत केबलची वायर सरळ टीव्हीत जायची आणि टीव्हीच्या रिमोटवर सगळं भागायचं. सेट टॉप बॉक्स आला आणि चॅनल एका रिमोटवर, आवाज दुसऱ्या रिमोटवर, अशी फाळणी झाली. वयस्क माणसांचा टीव्हीवरचा ताबा तिथून सुटत गेला. चित्र सुधारलं, चॅनल वाढले, हे खरंच आहे. पण घरातल्या आजीचं काय होईल, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही.

आता रिमोट लावून देण्याच्या कामाकडे येते. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा डोळ्यांना न दिसणाऱ्या, म्हणजेच इन्फ्रारेड, उजेडात उघडझाप करतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला तर तो बहुधा जांभळट दिसतो. सेल संपलेत की रिमोट बिघडलाय, हे बघायची ही सर्वांत सोपी युक्ती. मागचा कॅमेरा काही दाखवत नसेल तर पुढच्याने बघावं. बहुतेक रिमोट सेकंदाला ३८ हजार वेळा या वेगाने उजेडाची उघडझाप करतात, म्हणूनच उन्हात किंवा दिव्याच्या प्रकाशातही टीव्हीला आपला निरोप वेगळा काढता येतो. फार वापरात असलेल्या एका पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका येतो, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि मग ३२ खुणा. त्यांपैकी अर्ध्या खुणा खऱ्या निरोपाच्या आणि अर्ध्या त्याच्याच उलट्या, म्हणजे घेणाऱ्या यंत्राला ताळा करून बघता येतो.

शिकणारा रिमोट हेच ठोके ऐकून लक्षात ठेवतो. दोन रिमोट टेबलावर समोरासमोर तोंड करून, बोटभर अंतर ठेवून, खिडकीपासून दूर ठेवायचे आणि एकेक बटण शिकवायचं. वेगळा रिमोट विकत घेण्याआधी एक गोष्ट बघा. अनेक सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत दिलेली असतात आणि ती शिकवता येतात. टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज त्यांवर बसवला की दोन रिमोटचा एक रिमोट होतो. साउंडबार असेल तर आवाजाची बटणं टीव्हीची न शिकवता साउंडबारची शिकवा. नाही तर दोन ठिकाणी दोन आवाज राहतात, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला दुपारभर कुजबुज ऐकत बसावं लागतं.

पण आमच्या आईंना एका बटणावर सह्याद्री हवं होतं. म्हणजे एकाच दाबात टीव्ही चालू होणार, योग्य एचडीएमआय जोडणी निवडली जाणार, सेट टॉप बॉक्स जागा होणार, साउंडबार लागणार आणि चॅनलचे तीन-चार आकडे एकामागून एक जाणार. या साखळीला मॅक्रो म्हणतात. साखळी लिहून घ्यायला अवघड नाही, वेळ साधणं अवघड आहे. नवे टीव्ही चालू झाल्यावर लगेच ऐकत नाहीत. ते जागे होईपर्यंतच्या काही सेकंदांत पाठवलेला निरोप वाया जातो. म्हणून पहिल्या पायरीनंतर आठ-दहा सेकंदांची विश्रांती ठेवावी लागते आणि आकड्यांमध्येही अर्ध्या सेकंदाची उसंत लागते. हा सगळा वेळ रिमोट टीव्हीकडे रोखलेला राहायला हवा. आई तो लगेच मांडीवर ठेवायच्या आणि अर्धी साखळी साडीत जिरायची. शेवटी टीव्हीखालच्या फळीवर एक छोटी लाकडी बैठक केली. रिमोट तिथेच ठेवून बटण दाबायचं आणि मग खुर्चीत येऊन बसायचं. आता साखळी शेवटपर्यंत जाते.

यातला खरा काटा पुढे आहे. इन्फ्रारेडचा रिमोट आंधळा असतो. तो सांगतो, पण ऐकत नाही. टीव्ही चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. त्यात बहुतेक टीव्हींच्या रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असतं. बंद टीव्हीला तोच निरोप चालू करतो आणि चालू टीव्हीला बंद करतो. त्यामुळे साखळी पहिल्याच पायरीला उलटी पडू शकते. आपल्याकडे वीज गेली की हे हमखास होतं. वीज परत आली की काही सेट टॉप बॉक्स आपोआप चालू होतात आणि टीव्ही मात्र बंदच राहतो. मग एकच बटण टीव्ही लावतं आणि बॉक्स बंद करतं. वयस्क माणसाला वाटतं, आपणच काहीतरी बिघडवलं. तसं त्याने काहीही बिघडवलेलं नसतं.

याला चांगली वाट आहे. कित्येक टीव्हींमध्ये ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे निरोप आतमध्ये असतात, मात्र सोबतच्या रिमोटवर त्यांची बटणं दिलेली नसतात. ते मिळाले तर साखळी कधीच उलटत नाही, कारण चालू टीव्हीला ‘चालू हो’ सांगितलं तर तो तसाच राहतो. एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन यांसाठीही असेच थेट निरोप असतात. माझं ठाम मत आहे की प्रत्येक कंपनीने हे निरोप टीव्हीसोबतच्या पुस्तिकेत छापावेत. त्यात कुठलं गुपित फुटत नाही आणि एक पानसुद्धा वाढत नाही.

आणखी एक खोड सांगते, कारण ती कुणी सांगत नाही आणि माणसं हैराण होतात. फिलिप्सने काढलेल्या एका जुन्या पद्धतीत, बटण नव्याने दाबलं की धरून ठेवलं, हे कळावं म्हणून एक खूण प्रत्येक दाबाला पालटते. शिकणारा रिमोट ती खूण एकदा ऐकतो आणि कायम तीच पाठवतो. मग ११ दाबलं तरी यंत्राला वाटतं, एकच १ धरून ठेवलाय. अशा वेळी बटण शिकवत बसू नका. रिमोटमध्ये त्या कंपनीचा तयार कोड असेल तर तो घाला, म्हणजे खूण नीट पालटत राहते.

स्टिकच्या रिमोटचं वेगळंच असतं. तो बहुधा ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे समोर धरून शिकवलं तरी काही शिकलं जात नाही. तिथे एचडीएमआयच्या वायरीतूनच एक यंत्र दुसऱ्याला जागं करतं, ती सोय टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू करावी. सोनी तिला ब्राव्हिया सिंक म्हणतं, सॅमसंग एनीनेट प्लस आणि एलजी सिम्पलिंक. नावं तीन असली तरी काम एकच आहे.

सगळी यंत्रं चालवणाऱ्या एकाच रिमोटचा विचार सर्वांत खोलवर दोन ठिकाणी झाला. अ‍ॅपल उभारणाऱ्या स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक यांनी १९८५ मध्ये सीएल नाइन नावाची कंपनी काढली आणि १९८७ मध्ये कोअर नावाचा शिकणारा रिमोट बाजारात आणला. यंत्र हुशार होतं, पण लावायला इतकं अवघड की सामान्य घरांत ते पोचलं नाही. दुसरा हार्मनी. तो बनवणारी कंपनी लॉजिटेकने २००४ मध्ये विकत घेतली. हार्मनीवर ‘टीव्ही बघा’, ‘गाणी ऐका’ अशी कामांची बटणं होती आणि कुठलं यंत्र चालू आहे याची नोंद रिमोट स्वतः ठेवायचा. काही चुकलं तर मदतीचं बटण होतं. ते दाबलं की रिमोट विचारायचा, टीव्ही चालू झाला का? आपण नाही म्हटलं की तो पुन्हा निरोप पाठवायचा. इतकं समंजस यंत्र मला दुसरं माहीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हार्मनी बनवणं थांबवलं. जुन्यांची सेवा चालू ठेवू असं त्यांनी सांगितलं, तरी नवं लावायचं तर त्यांच्या सर्व्हरवर जावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की, घरातल्या वृद्धांसाठी रिमोट निवडताना ज्याची सगळी आठवण त्याच्याच पोटात असते, तोच घ्यावा. मोबाइलचं अ‍ॅप तर या कामाला मुळीच देऊ नये. मोबाइल चार्जिंगला असतो, मध्येच फोन येतो, आणि गुळगुळीत काचेवर अंधारात बोटाला काही सापडत नाही. रिमोटच्या पाच या आकड्यावरचा उंचवटा बोटाला लगेच लागतो.

बेंगळुरूत एस. पी. रोडवर आणि आमच्या आठव्या क्रॉसच्या आसपासच्या दुकानांत साधे बदली रिमोट मिळतात. टीव्हीचा मॉडेल नंबर लिहून न्यावा. दुकानदाराला ‘आईला चालवायचाय, मोठी बटणं द्या’ असं स्पष्ट सांगितलं तर तो बरोबर काढून देतो. घरी आल्यावर नको असलेल्या बटणांवर जाड चिकटपट्टी लावा आणि हव्या असलेल्या बटणांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. आईंच्या रिमोटवर लाल ठिपका सह्याद्रीचा आहे आणि हिरवा चंदनचा.

हे सगळं केलं तरी एक काम उरतं. कुठला कोड घातला, साखळीत कुठली पायरी कितव्या सेकंदाला आहे, वीज गेल्यावर आधी काय बघायचं, हे मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा आणि टीव्हीच्या मागे चिकटवा. सेल बदलताना काही रिमोट सगळं विसरतात आणि लावून देणारा मुलगा तेव्हा पुण्यात किंवा परदेशात असतो. कागद समोर असेल तर शेजारचं कुणीही येऊन दहा मिनिटांत पुन्हा लावून देऊ शकतं.

या रविवारी एवढं कराच. घरात जे सर्वांत वयस्क असेल त्याच्याजवळ बसा, त्याला काय बघायचंय ते विचारा आणि आधी तेवढंच लावून द्या. तुमचे सिनेमे नंतर.