पट्टी उतरली म्हणून हसता?

दीपनगरच्या कॉलनीत रफीगीतांचा कार्यक्रम होता. सत्तरी ओलांडलेले एक चाचा मूळ गाण्यापेक्षा दोन पट्ट्या खाली गायले. मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. नंतरच्या पोराने ट्रॅक लावून नुसते ओठ हलवले, त्याला टाळ्या!

माझा राग त्या टाळ्यांवर आहे. वयानं स्वरतंतू ताठरतात, दम अपुरा पडतो. पट्टी उतरवणं ही लबाडी नव्हे, ओठ हलवणं ही लबाडी. मिक जॅगर २०२४ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, अमेरिकेत स्टेडियमं गाजवतो तेव्हा आपण माना डोलावतो. आशाताई नव्वदाव्या वाढदिवशी, ८ सप्टेंबर २०२३ ला, दुबईत गायल्या. पंडित भीमसेन जोशी पंच्याऐंशीव्या वर्षी, २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात बसले; तिथे तार सप्तक मोजायला कोण जातं?

बेसूर ते बेसूरच, मग वय कितीही असो. सूर लागेनासा झाला की थांबावं, हे मीही म्हणतो. पण चाचांचा सूर पक्का होता, फक्त खाली होता.

रफीसाहेब ३१ जुलै १९८० ला गेले, ५५ व्या वर्षी. त्यांचा म्हातारा आवाज आपल्या कानांवर पडलाच नाही. पडला असता, तर त्यांच्यावरही हसलो असतो का आपण?