तणसाला भाव कोण देणार?

इंजिनिअर झालेल्या पोराला आमच्या लांजीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पुणे की बेंगळुरू?" तो इथेच राहील, असं कुणी गृहीतच धरत नाही. अलीकडे काही जणांच्या तोंडी नवं उत्तर ऐकू येतं, "ग्रीन स्टार्टअप काढायचाय." ऐकायला छान वाटतं. पण या धंद्यात यंत्रापेक्षा धीर आणि हिशेब जास्त लागतो, असं माझं मत आहे.

प्रमोद चौधरींचंच बघा. १९७१ साली ते आयआयटी मुंबईतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. काही वर्षं नोकरी केली आणि १९८३ मध्ये पुण्यात 'प्राज' सुरू केली. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यांना तंत्रज्ञान पुरवणं हे त्यांचं काम. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा सरकारी कार्यक्रम आला तो २००३ मध्ये. १० टक्के मिश्रण गाठायला २०२२ उजाडलं आणि २० टक्क्यांना २०२५. म्हणजे कंपनी काढल्यापासून चाळीस वर्षं! बरं, ही वाटही सरळ नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधनं घातली. सरकारचा एक कागद निघतो आणि वर्षाचं गणित बदलतं, हे या धंद्यात उतरणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

दुसरं म्हणजे, 'हिरवं' म्हटलं की सगळं हिरवं होत नाही. ऊस पाणी किती पितो, ते मराठवाड्याला विचारा. म्हणून मला पानिपतचा प्रकल्प जास्त महत्त्वाचा वाटतो. इंडियन ऑइलच्या या प्रकल्पाचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजी झालं. तंत्रज्ञान प्राजचं. वर्षाला सुमारे २ लाख टन धानाच्या तणसापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित मांडलेलं आहे. जे शेतात जाळलं जातं, त्याचं इंधन!

आता आमच्याकडे या. बालाघाट जिल्हा धानाचा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळाला नाव मिळालं, तणस मात्र बेवारस राहिलं. पूर्वी ते गुराढोरांना पुरायचं. आता हार्वेस्टर फिरला की कापलेलं तणस बांधीतच विखरून पडतं, ते गोळा करण्यापेक्षा काडी लावणं सोपं वाटतं. मग पानिपतसारखा कारखाना लांजीत आणायचा का? मला नाही वाटत. आमच्या बांध्या लहान आणि तणस हलकं. ट्रक भरलेला दिसतो, वजन मात्र भरत नाही. लांबून आणायचं तर भाड्यातच पैसे संपतील.

इथे पुण्याच्याच 'आरती' संस्थेकडून शिकण्यासारखं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याची पद्धत विकसित केली. त्याबद्दल २००२ मध्ये तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट भट्टीपर्यंत वाहून नेण्याऐवजी लहान भट्टीच शेतात न्यायची, ही त्यातली खरी गोष्ट. धानाच्या तणसाला हीच कृती जशीच्या तशी लागू पडेल असं नाही. त्यात राख जास्त असते. पण विचाराची दिशा तीच हवी.

म्हणून लांजीच्या इंजिनिअरने आधी गावात बसून चार प्रश्न विचारावेत. गुरांसाठी किती तणस ठेवायचं? गोळा करायची मजुरी किती? कापणीनंतर दुसरं पीक घ्यायला किती दिवस हातात राहतात? आणि शेतकऱ्याच्या हातात शेवटी किती पैसे पडणार? ही उत्तरं लॅपटॉपवर सापडत नाहीत. ती मराठीत, पोवारीत, हिंदीत, पारावर बसून मिळतात. बाहेरच्या कंपनीसाठी तणस म्हणजे 'बायोमास'. आमच्यासाठी ते बैलाचं वैरण आहे, गोठ्यातलं अंथरूण आहे. हे ज्याला कळतं तोच खरा भाव ठरवू शकतो.

आपल्या मंडळातले बहुतेक जण इंजिनिअर होणार नाहीत. पण हे प्रश्न गावोगाव विचारून त्यांची उत्तरं लिहून काढणं आपल्यालाही जमेल. सुट्टीत घरी गेलात की एका शेतकऱ्यापासून सुरुवात करा. कुणी उद्या भट्टी घेऊन आलाच, तर त्याच्या हातात द्यायला गावाचा हिशेब तयार असेल.