एका यंत्राचे अनेक धनी

माझी पत्नी कैलासवासी होऊन येत्या माघांत दोन वर्षें होतील. तिच्या नांवें पोस्टांत राहिलेली शिल्लक कोणत्या सत्कार्यास लावावी, हा विचार घरांत चालला असतां गेल्या पंधरवड्यांत माझी पुतणी आली. ती बंगळूरास जीवशास्त्राचें संशोधन करते. मीं म्हटलें, “संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास तुझ्या काकूच्या नांवें पारितोषिक ठेवावें असें मनांत आहे.” ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, “काका, पारितोषिकें पुष्कळ आहेत. आम्हांला एका सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें पाळी येईपर्यंत आठवडेच्या आठवडे तिष्ठावें लागतें, तिकडे मात्र कोणी पाहत नाहीं.”

एका यंत्रापायीं एवढा खोळंबा कां, हें मला कळेना. तिनें समजावून दिलें, तें वाचकांसही सांगतों.

दोन बिंदूंमधील अंतर प्रकाशलहरीच्या लांबीच्या सुमारें निम्म्याहून कमी असेल, तर साधें सूक्ष्मदर्शक ते वेगळे दाखवूं शकत नाहीं. म्हणून प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत योजतात. परंतु त्या झोतानें पेशींतील नाजूक द्रव्यें होरपळतात, आणि निर्वात नळींत त्यांतील पाणी उडून जातें. जाक द्युबोशे यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत यावर तोड काढली. नमुना इतक्या त्वरेनें गोठवावयाचा कीं पाण्याचे स्फटिक न बनतां त्याची जणूं कांच व्हावी. योआखिम फ्रँक यांनीं हजारों अंधुक चित्रें गणितानें एकत्र करून घनाकृति उभारण्याची रीत बसविली, व रिचर्ड हेंडरसन यांनीं १९९० साली एका प्रथिनाची रचना अणूंच्या पातळीपर्यंत दाखविली. या तिघांस २०१७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०२० च्या फेब्रुवारींत कोरोना विषाणूच्या अंगावरील कांट्याची रचना याच रीतीनें जगापुढें आली, हें अनेकांस ठाऊक नसेल.

असें एक यंत्र घ्यावयाचें तर कित्येक कोटि रुपये पडतात. त्यास कंप न लागणारी खोली हवी, द्रवरूप नायट्रोजन अखंड हवा, चित्रांचा डोंगर पेलणारे संगणक हवेत आणि रात्रंदिवस जागा असणारा जाणता माणूस हवा. एकट्या संस्थेच्या आवांक्यांतली ही गोष्ट नव्हे. म्हणून शहाण्या देशांनीं वांटून घेण्याचा मार्ग धरला. इंग्लंडांत हारवेल येथील ‘डायमंड’ संस्थेंत वेलकम ट्रस्ट व दोन सरकारी संशोधन मंडळें यांनीं मिळून १ कोटि ५६ लक्ष पौंड देऊन असें केंद्र उभारलें. तेथें विद्यापीठांतील संशोधकाच्या अर्जाची तज्ज्ञ छाननी करतात, आणि अर्ज गुणावर उतरला म्हणजे शुल्क पडत नाहीं. अमेरिकेनें २०१८ साली तीन राष्ट्रीय केंद्रांसाठीं सहा वर्षांचे १२ कोटि ९५ लक्ष डॉलर मंजूर केले. केंब्रिज येथें तर २०१६ साली औषधें करणाऱ्या पांच कंपन्या एकाच यंत्राभोवतीं एकत्र आल्या. बाजारांत एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, पण यंत्रापुढें शेजारणी!

आपल्याकडेही हा विचार नवा नाहीं. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें १९७६ पासून असें सामाईक उपकरण-केंद्र चालत आलें आहे. बंगळूरचें राष्ट्रीय केंद्र केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्यानें झालें. देशांत कोठें कोणतें उपकरण आहे व पाळी कशी मागावी, हें एका ठिकाणीं कळावें म्हणून २०२० च्या जानेवारींत ‘आय-स्टेम’ हें दालन संगणकावर उघडलें.

येथें कोणी म्हणेल, सामाईक वस्तूचा अखेर बारभाईंचा कारभार होतो. आक्षेप खोटा नाहीं, हें मी स्वतःच्या अपराधावरून सांगतों. मी ज्या शाळेंत होतों, तेथें १९८७ साली माजी विद्यार्थ्यांनीं वर्गणी करून एक उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र घेतलें. समितीचा चिटणीस मीच होतों. हारतुरे झाले, देणगीदारांची पाटी भिंतीवर बसली. पुढें मुलांच्या हातून मोडेल या भीतीनें यंत्र कपाटांत गेलें. तीन पावसाळ्यांनंतर काढून पाहिलें तों भिंगांवर बुरशी! दुरुस्तीस पैसा मागूं गेलों तर एकही देणगीदार पुढें येईना. यंत्रास दाते मिळाले, तेलपाण्यास मिळाले नाहींत. आणि वर्गणी मागतांना तेलपाण्याची रक्कम धरण्याचें मला सुचलें नव्हतें. पाटी मात्र अजून चकचकीत आहे.

अमेरिकेंतील सामाईक उपकरणांसाठीं १९८२ साली सुरू झालेल्या योजनेंत याचा विचार दिसतो. तेथें यंत्र मागणारे किमान तीन मुख्य संशोधक असावे लागतात, म्हणजे तें एकाच्या कपाटांत जाऊन बसत नाहीं. पैसा यंत्रापुरताच मिळतो. देखभालीची हमी संस्थेनें आधीं द्यावयाची असते. म्हणजे सामाईकपणा हा दोष नव्हे. पाळीचा नियम, निःपक्ष छाननी आणि राखणदाराचें वेतन या तीन गोष्टी नसणें हा दोष होय. आंधळ्यानें पांगळ्यास खांद्यावर घेतलें, त्या न्यायांतही चालावयाचें कोणी व वाट दाखवावयाची कोणी, हें आधीं ठरलेलें असतें.

हें सारें ऐकून मीं पुतणीस विचारलें, “माझी रक्कम अशा कोटींच्या कारभारांत समुद्रांतल्या थेंबाएवढी. तिचा उपयोग काय?” ती म्हणाली, “काका, यंत्र सरकार घेईल. पण तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या एखाद्या मुलीला पाळी मिळाली, तरी चार दिवसांचा प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण देणार?”

माझ्या थोरल्या चिरंजीवास हें पटलें नाहीं. “पाटी नाहीं, पारितोषिक नाहीं, मग आईचें नांव राहणार कोठें?” असें तो म्हणाला. त्याचा खेद मी समजतों, कारण तो माझाही आहे. परंतु ज्या बाईनें जन्मभर शेजारच्या मुलांस आपल्या दिव्याखालीं अभ्यासास बसविलें, आणि त्या दिव्यावर आपलें नांव कधीं घातलें नाहीं, तिला पाटी आवडली असती असें मला वाटत नाहीं. माघांत श्राद्धाचे दिवशीं ती रक्कम एका संस्थेकडे अशा प्रवासखर्चासाठीं पाठवावयाची, असें मीं ठरविलें आहे. चिरंजीवानें अद्याप रुकार दिलेला नाहीं. पण पोस्टाचें पुस्तक मात्र काल त्यानेंच शोधून माझ्यापुढें ठेवलें.