दाखला नोंदीचा, नाव चारित्र्याचं

नोकरीचं पत्र आलं तरी 'पोलिस पडताळणी' हे शब्द वाचले की आपल्याकडे शिकलेला मुलगाही आधी एजंट गाठतो. एजंट त्याला अजून घाबरवतो आणि पैसे उकळतो. म्हणून आधी साधी माहिती.

इथल्या नोकरीसाठी लागते ती चारित्र्य पडताळणी. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा, दाखला पोलिस आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालय देतं. आखातात कामाला जायचं, तर पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट हवं. ते पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतं, फी 500 रुपये. नुसत्या पर्यटन व्हिसावर जाणाऱ्याला ते मिळत नाही. दोन्ही अर्ज स्वतः भरता येतात.

'चारित्र्य' हा शब्द मात्र मला खटकतो. पोलिसांकडे असते ती नोंद. आणि एफआयआर वेगळा, आरोपपत्र वेगळं, शिक्षा तर फारच वेगळी. भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. 2006 च्या मालेगाव स्फोटात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने दोषमुक्त केलं ते 2016 मध्ये. मधल्या दहा वर्षांत त्यांनी कुठल्या तोंडाने दाखला मागायचा होता?

तरीही लपवू नका. माझा सगळा भर यावरच आहे. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पडताळणी अर्जातली माहिती खरीच हवी. त्याच निकालात हेही आहे, की जे नेमकं विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही, आणि प्रकरण किरकोळ असेल तर मालकाला चूक माफ करण्याची मुभा आहे. तेव्हा प्रश्न नीट वाचा. 'गुन्हा दाखल आहे का' आणि 'शिक्षा झाली आहे का' हे दोन निराळे प्रश्न. मोर्चातला जुना गुन्हा असेल आणि सुटका झाली असेल, तर तसंच लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. ही प्रत बहुतेक घरांत नसते! वकिलाकडून आजच मागून घ्या. खटला चालू असेल तर पासपोर्टसाठी त्याच न्यायालयाची परवानगी मागता येते; 1993 ची केंद्राची अधिसूचना त्यासाठीच आहे.

अठरा वर्षांखाली असताना प्रकरण झालं असेल, तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 पाहा. निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मोहल्ल्यात हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातली एक संध्याकाळ मोहल्ल्याच्या वाचनालयात बसून हे अर्ज भरून द्यावेत, अशी माझी विनंती आहे. एक लॅपटॉप आणि एक प्रिंटर पुरेसा आहे.