वर्ध्याचा खासदार आणि आपली पऱ्हाटी



पुलगावच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. अलीकडे वर्धा, पलीकडे अमरावती. आमदारही बदलतो. खासदार मात्र दोन्ही काठांचा एकच, कारण धामणगाव आणि मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातील दोन विधानसभा मतदारसंघ वर्धा लोकसभेतच मोडतात. पुलगावचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघही २००९ पासून उरला नाही; आता आपण देवळीत. या सदरात पिकांखेरीज काही लिहावे असा आग्रह होता, म्हणून आज या मतदारसंघाची कुंडली मांडतो. मी पडलो सरकारी नोकर. कोणत्याही पक्षाची बाजू घेणे मला शोभणार नाही.

१९५२ साली येथून श्रीमन्नारायण अग्रवाल निवडून गेले. ते जमनालाल बजाजांचे जावई. पुढे १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका जमनालालजींचे चिरंजीव कमलनयन बजाज यांनी जिंकल्या. १९७१ मध्ये जगजीवनराव कदम आले, तर १९७७ मध्ये संतोषराव गोडे. त्या साली उत्तर हिंदुस्थानात काँग्रेस धुऊन निघाली होती, पण वर्ध्याने तिची साथ सोडली नाही. मग १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा वसंत साठे. घराघरांत रंगीत टीव्ही आला तो हे नभोवाणी मंत्री असताना, हे जुन्या मंडळींना आठवतच असेल.

म्हणजे सुमारे चाळीस वर्षे एकच पक्ष. म्हणूनच १९९१ चा निकाल ऐकून लोकांनी तोंडात बोटे घातली. गांधी-विनोबांच्या या जिल्ह्याने साठ्यांना घरी बसवून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांना दिल्लीस धाडले. आणि तेथून मतदाराला खासदार बदलण्याची जणू सवयच लागली. १९९६ मध्ये भाजपचे विजय मुडे, १९९८ मध्ये काँग्रेसचे दत्ता मेघे, १९९९ मध्ये प्रभा राव, २००४ मध्ये भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ मध्ये पुन्हा मेघे. सलग दुसऱ्यांदा कोणालाच कौल मिळेना. हा फेरा मोडला तो देवळीचे पहिलवान रामदास तडस यांनी. २०१४ मध्ये त्यांनी मेघ्यांच्या चिरंजीवांना हरवले आणि २०१९ मध्ये प्रभाताईंच्या कन्येला, तेही सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी. घराण्याच्या नावावर मते मिळतातच असे नाही, हे कास्तकाराने दोनदा दाखवून दिले. २०२४ मध्ये तडसांनाही हार खावी लागली. राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे, आर्वीचे अमर काळे ८१ हजारांवर मताधिक्याने विजयी झाले.

आता एवढी उलथापालथ करून आपल्या पदरात काय पडले? नाचणगावकडच्या एका सभेत एक म्हातारबाबा म्हणाले, "खासदार कोणीबी होवो साहेब, कापसाले भाव कुठं भेटते?" बाबांचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? २०२२ मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस दोनच वर्षांत सात हजारांच्या आसपास आला.

पण माझे निरीक्षण जरा वेगळे आहे. खासदार गावात आला की आपण मागतो काय? सभामंडप, स्मशानभूमीचे शेड, नाहीतर हातपंप. त्याला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातून तो देतोही. मात्र ही कामे ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदही करू शकतात. कापसाचा हमीभाव ठरतो दिल्लीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये ठरला. परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्कही दिल्लीनेच १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवले, प्रथम सप्टेंबरअखेर आणि नंतर डिसेंबरअखेर. म्हणजे आपली पऱ्हाटी बोंडावर येऊन कापूस घरात पडेपर्यंत बाहेरच्या कापसाला दार सताड उघडे. त्या दिवसांत खासदाराला गाठून "तुम्ही सभागृहात काय बोललात?" असे विचारणारी गावे किती निघाली? माझ्या फिरतीत तरी फार थोडी दिसली.

एकाधिकार खरेदी होती तेव्हा चुकाऱ्यासाठी मुंबईकडे बघावे लागे, कारण ती योजना राज्याची होती. आता खरेदी करणारे सीसीआय केंद्राच्या वस्त्रोद्योग खात्याचे आहे. खरेदी केंद्र उशिरा उघडले, नोंदणी अडली, ओलाव्याच्या नावाखाली गाडी परत पाठवली, तर नुसते बाजार समितीत भांडून भागत नाही. ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत खासदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. हमीभावाची शिफारस खरिपापूर्वीच दिल्लीला जाते, म्हणून त्याबाबतचा ठराव उन्हाळ्यापूर्वी व्हावा. दिवाळीत करून उपयोग नाही. महिला बचत गटांनीही त्यावर सह्या कराव्यात, वेचणीची मजुरी त्याच तर चुकवतात.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.